तुमचे प्रश्न: साथीचा ताप, एआय आणि ‘निरंक’चा रिपोर्ट

मागच्या अंकात साथींवर नजर ठेवायला एआय कसं वापरतात यावर एक छोटी चौकट छापली होती, जेमतेम दहा-बारा ओळींची, पण त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. मी बरीच वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि नंतर जिल्ह्याच्या साथरोग विभागात काम केलंय, त्यामुळे जे सांगतेय ते तिथून बघितलेलं आहे. नावं छापत नाहीये, फक्त गाव नाहीतर तालुका दिलाय.

प्रश्न: एआयला साथ यायच्या आधीच कळते असं टीव्हीवर ऐकलं. करोनाच्या वेळी पण परदेशातल्या एका कंपनीला आधीच कळलं होतं म्हणे. मग जग इतकं गाफील कसं राहिलं? (निवृत्त शिक्षक, सिन्नर)

उत्तर: सर, ‘यायच्या आधी’ हे टीव्हीवाल्यांचं झालं, खरं तर ‘बाकीच्यांच्या लक्षात यायच्या आधी’ असं म्हणायला पाहिजे. २०१९ च्या डिसेंबरअखेर वुहानच्या दवाखान्यांत न्यूमोनियाचे पेशंट यायला लागले होते, म्हणजे साथ तोवर सुरू झालेलीच होती, लोकल बातम्यांत आणि सोशल मीडियावर कुजबुज होती, आणि ती कुजबुज आधी कोणाच्या कानावर पडते एवढाच प्रश्न होता. बॉस्टनच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलमधून चालणारी हेल्थमॅप नावाची सिस्टिम आहे, ती जगभरच्या बातम्या आपोआप चाळत असते, तिनं ३० डिसेंबरला वुहानमधल्या अनोळखी न्यूमोनियाचा अलर्ट काढला. टोरांटोच्या ब्लूडॉटनं ३१ तारखेला आपल्या ग्राहकांना कळवलं, तुम्ही ऐकलेली कंपनी बहुधा हीच. आणि प्रोमेड म्हणून १९९४ पासूनची एक सेवा आहे, तिथं डॉक्टर मंडळी स्वतः बातमी तपासून पुढे पाठवतात, त्यांचा अलर्ट पण ३० तारखेच्या रात्रीच गेला, हेल्थमॅपच्या साधारण अर्ध्या तासानंतर.

मला यातली खरी बघण्यासारखी गोष्ट वेगळीच वाटते. हेल्थमॅपच्या मशीननं त्या अलर्टला गंभीरतेचे ५ पैकी ३ मार्क दिले होते, म्हणजे ढिगातली एक मध्यम बातमी. प्रोमेडच्या डॉक्टरांनी आधीचे काही तास ओळखीच्यांना विचारण्यात, बातमी खरी का ते बघण्यात घालवले होते, त्यामुळे त्यांचा अलर्ट थोडा मागून आला पण त्यात वाचण्यासारखं बरंच काही होतं. आणि दोन्ही अलर्ट हातात असताना पुढचे कित्येक दिवस बहुतेक देशांत काहीच हललं नाही. घंटा वाजली होती सर, उठून कोणी बघायचं ते ठरलेलं नव्हतं.

प्रश्न: आम्ही सिंहगड रोडला राहतो. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात जीबीएसचे पेशंट वाढले, शेजारच्या काकूंना व्हेंटिलेटर लागला होता. पुण्यात इतकं आयटी आहे, मग एकाही एआयला आधी का नाही कळलं? (गृहिणी, पुणे)

उत्तर: ताई, काकू आता बऱ्या चालायला लागल्या असतील अशी आशा करते, जीबीएसमधून बाहेर यायला कधीकधी महिने जातात आणि घरच्यांची पण त्यात परीक्षा असते.

साथ पकडणारी यंत्रणा ठरलेल्या रोगांची यादी घेऊन बसलेली असते, डेंग्यू, कॉलरा, गोवर, कावीळ असे त्यात खण असतात आणि पेशंट त्या खणात पडला तरच मोजला जातो. जीबीएस, म्हणजे गुलियन-बारे सिंड्रोम, तसा संसर्गाचा रोग नाही, आधी पोटाचं किंवा दुसरं काही इन्फेक्शन होऊन जातं आणि मग आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते, पायातली ताकद जाते, ती वर वर चढत जाते. लहान मुलांसाठी एक जाळं आहे, पोलिओमुळे १५ वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले तर लगेच कळवायचं असतं, त्यात जीबीएसची मुलं पण येतात. मोठ्या माणसांसाठी असं जाळंच नव्हतं. मग जो खण नाही त्यातला पेशंट मशीन मोजणार कसा?

पुण्यात ते उघडकीला आलं ते हॉस्पिटलच्या डॉक्टरांमुळे, पाय उचलत नाहीत म्हणून येणारे पेशंट नेहमीपेक्षा जास्त आणि पत्ते बघावेत तर नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. २१ जानेवारीपर्यंत २४ संशयित पेशंट झाले होते, पुढे आकडा २०० च्या वर गेला. काही पेशंटच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू मिळाला, काहींत नोरोव्हायरस, आणि सगळ्यांची नजर पाण्याकडे गेली. हे वाचताना मला नेहमी १८९६ ची मुंबई आठवते, मांडवीत डॉक्टर अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी पेशंटच्या गाठी आणि ताप बघून हा प्लेग आहे असं ओळखलं, तेव्हा मान्य करायला कोणी फारसं उत्सुक नव्हतं. डॉक्टरच्या डोळ्याला आणि त्यानं ठामपणे बोलण्याला तेव्हाही पर्याय नव्हता आणि मला वाटतं आजही नाही.

पण एआयचा उपयोग इथं नक्की करता आला असता आणि पुढे करायला हवा. जीबीएसला आयव्हीआयजीचं महाग इंजेक्शन लागतं. एका शहरात त्याचा खप आठवड्यात अचानक वाढला तर मशीननं ते एका क्षणात दाखवायला पाहिजे. कॅज्युअल्टीच्या नोंदीत ‘पायात ताकद नाही’, ‘जिना चढता येत नाही’ असं डॉक्टर लिहितात ते वाचून एकाच पिनकोडचे पेशंट एकत्र ठेवणं हे पण मशीनला माणसापेक्षा चांगलं जमतं. त्यासाठी वेगवेगळ्या हॉस्पिटलांच्या नोंदी एका ठिकाणी यायला हव्यात, घोडं तिथंच अडलंय.

प्रश्न: मी तालुक्याच्या ठिकाणी एका दैनिकाचा बातमीदार आहे. आमच्या गावाकडच्या बातम्या दिल्लीत एआय वाचतं हे खरं आहे का? (बातमीदार, बीड जिल्हा)

उत्तर: हो दादा, खरं आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात, ज्याला आम्ही एनसीडीसी म्हणतो, २००८ पासून बातम्या तपासणारा एक विभाग आहे, आधी माणसं बसून पेपर आणि चॅनेल बघायची, त्यात किती भाषा आणि किती पेपर बघून होणार. २०२२ च्या एप्रिलपासून तिथं हेल्थ सेंटिनेल नावाची सिस्टिम चालते, वाधवानी एआय संस्थेनं बनवलेली, ती १३ भाषांतल्या ऑनलाइन बातम्या उचलते, त्यातून रोग कुठला, गाव कुठलं, किती जण आजारी, किती दगावले एवढं काढते, एकाच घटनेच्या दहा बातम्या असतील तर त्यांची एक करते आणि मग तज्ज्ञांपुढे ठेवते. २०२५ पर्यंत तिनं ३० कोटींवर बातम्या चाळल्या, त्यातून ९५ हजारांवर घटना काढल्या आणि त्यातल्या साडेतीन हजारांवर घटना तज्ज्ञांनी साथीची शक्यता म्हणून निवडल्या. गणित करून बघा, साधारण तीन हजार बातम्यांमागे एक घटना आणि सत्तावीस घटनांमागे एक दखल घेण्यासारखी. हा उपसा माणसांनी करायचा म्हटला तर जन्म जाईल, म्हणून मला हा एआयचा सगळ्यात सरळ आणि रास्त उपयोग वाटतो.

आता मराठीची गंमत बघा, मशीनला ती किती जड जात असेल. ‘साथ’ म्हणजे कॉलऱ्याची पण आणि आमदारांनी दिलेली पण. ‘लागण’ डेंग्यूची पण होते आणि उसाची पण होते. ‘ताप’ अंगात पण असतो आणि डोक्याला पण. वडगाव आणि पिंपळगाव तर प्रत्येक जिल्ह्यात चार-चार. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, बातमीत गावाबरोबर तालुका आणि जिल्हा लिहा, ‘शेकडो जणांना बाधा’ असं न लिहिता आरोग्य केंद्रात विचारून आकडा लिहा, पहिला पेशंट कधी आजारी पडला तो दिवस लिहा. आणि मथळ्यात ‘अज्ञात रोगाचं थैमान’ असं टाकलंत तर खाली उलट्या-जुलाब आहेत का ताप-पुरळ आहे हे एका ओळीत तरी येऊ द्या. तुमच्या त्या एका ओळीवर जिल्ह्याला फोन येतो आणि टीमची गाडी निघते.

प्रश्न: मॅडम, मी आशा आहे. आम्ही आधीच इतकी अ‍ॅपं आणि रजिस्टरं भरतो की घरी जाऊन रात्री दहापर्यंत मोबाईल हातात असतो. आता एआय आलं म्हणजे अजून एक अ‍ॅप का? त्यातून आम्हाला काय मिळणार? (आशाताई, भोर तालुका)

उत्तर: ताई, या अंकातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला तेव्हापासून तीन फॉर्म आहेत हे तुम्हाला माहितीच आहे, गावपातळीवर लक्षणांचा एस फॉर्म, डॉक्टरांचा पी फॉर्म आणि लॅबचा एल फॉर्म. आधी ते आठवड्यानं कागदावर जायचे, २०२१ पासून आयएचआयपी या सरकारी पोर्टलवर रोजच्या रोज जातात. दिल्लीतला नकाशा असो नाहीतर कुठलं भारी एआय असो, सगळ्याची सुरुवात तुम्ही उंबऱ्यात उभं राहून ‘कोणाला ताप आहे का हो’ असं विचारता तिथून होते.

माझ्या सुरुवातीच्या नोकरीतलं सांगते. पावसाळ्याचे दिवस, एका गावाचा रिपोर्ट सलग तीन आठवडे ‘निरंक’, म्हणजे एकही पेशंट नाही. मी खूश, की चला, एवढं गाव तरी ठीक आहे. चौथ्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी तालुक्याचा मेडिकलवाला सहज बोलला, मॅडम, त्या गावची माणसं ओआरएसचे पुडे बॉक्सनं नेतायत, माझ्याकडचे संपले. तशीच गाडी काढली. गावात गेले तर घराघरात जुलाब, एका पडवीत तीन पोरं एकाच बाजेवर आडवी. पाण्याची पाइपलाइन ओढ्यातून गेलेली, सांध्यातून गळती, आणि पाण्यात क्लोरीन आहे का बघायच्या ओटी टेस्टच्या नळीत पाणी पिवळं व्हायला पाहिजे ते जसंच्या तसं पांढरं. ग्रामपंचायतीत टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची गोणी होती, पण ओल लागून तिचा दगड झालेला. तिथली नर्सताईंची जागा कित्येक महिने रिकामी होती, गावात जाणारं कोणी नव्हतं, आणि रिपोर्ट रिकामा पाठवला की वरून विचारणा होते म्हणून कोणीतरी टेबलावर बसून ‘निरंक’ लिहीत होतं. त्या गावातल्या एका आजी आम्ही पोचायच्या आदल्या रात्री गेल्या होत्या. सलाइन वेळेत लागलं असतं तर त्या बहुधा वाचल्या असत्या, हे मी डॉक्टर म्हणून सांगते, आणि तो ‘निरंक’चा कागद अजून माझ्या डोळ्यापुढून जात नाही.

आता विचार करा, त्या गावची दहा वर्षांची अशी माहिती कोणी एआयला शिकवायला दिली. ते काय शिकेल? की या गावात पावसाळ्यात जुलाब होत नाहीत. आणि शेजारच्या ज्या गावात तुमच्यासारखी मन लावून काम करणारी आशा आहे, जिथला प्रत्येक ताप नोंदला जातो, ते गाव नकाशावर लालभडक दिसेल. टीम, फवारणी, औषधं सगळं तिकडे, आणि जिथं कोणी विचारायलाच गेलं नाही ते गाव हिरवं. माझी पहिली मागणी म्हणून साधी आहे: ‘विचारलं, पेशंट नाही’ आणि ‘कोणी गेलंच नाही’ हे दोन वेगळे खण असले पाहिजेत. दोन्हीला ‘निरंक’ म्हणायचं बंद करा. मशीनला मग सांगता येतं की जिथं रिपोर्ट नाही तिथं ‘माहिती नाही’ असं दाखव, आणि मेडिकलचा खप किंवा शाळेची गैरहजेरी त्याच्याशी जुळवून बघ. शिवाय गावाकडे पण बहुतेक लोक आधी खासगी डॉक्टरकडे जातात, त्यांचे आकडे पुरते येत नाहीत, ती पण एक मोठी रिकामी जागा आहे.

दुसरी मागणी तुमच्या बाजूनं. तीच माहिती पाच ठिकाणी टाइप करायला लावणारं एआय मला नको. तुम्ही घराबाहेर पडताना मोबाईलला मराठीत बोलून सांगावं, ‘शिंदे वस्ती, दोन पोरांना ताप, एकाला पुरळ’, आणि त्यानं ते सगळ्या रजिस्टरांत आपोआप भरावं, तुम्ही फक्त वाचून बरोबर म्हणावं. आवाजाचं लिखाण करणं मशीनला आता बऱ्यापैकी जमतं, गावच्या बोलीत जरा अडखळतं, पण ते सुधारता येतं. आणि तुम्ही ताप नोंदवल्यावर त्याचं पुढे काय झालं, रक्ताचा रिपोर्ट काय आला, हे तुमच्या मोबाईलवर परत आलंच पाहिजे. आज माहिती फक्त वर जाते, खाली काही येत नाही, मग माणसाला का लिहावंसं वाटेल? पुढच्या तालुका मीटिंगला हे तिन्ही मुद्दे जरूर मांडा, हवं तर हा अंक घेऊन जा.

प्रश्न: लोक गूगलवर ‘ताप’, ‘अंगदुखी’ सर्च करतात, तेवढ्यावरून साथ ओळखता येणार नाही का? डेटा तर तयारच आहे. (सॉफ्टवेअर इंजिनिअर, हिंजवडी)

उत्तर: हे करून झालंय. गूगलनं २००८ मध्ये फ्लू ट्रेंड्स सुरू केलं, सुरुवातीला आकडे अमेरिकेच्या सरकारी आकड्यांशी छान जुळले आणि ते आठवडा-दोन आठवडे आधी मिळायचे. पण २००९ मध्ये स्वाइन फ्लूची पहिली लाट अवेळी, उन्हाळ्याच्या तोंडावर आली ती त्याला नीट पकडता आली नाही, कारण ते थंडीतल्या फ्लूवर शिकलेलं होतं. मग २०१२-१३ च्या हंगामात त्यानं खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट फ्लू सांगितला, आणि २०१५ मध्ये ते बंद झालं. टीव्हीवर फ्लूच्या बातम्या आल्या की धडधाकट माणूस पण सर्च करतो, आणि गूगल स्वतः सर्चमध्ये शब्द सुचवायला लागलं की सर्च अजून वाढतात. दवाखान्याच्या आकड्यांच्या जोडीला सर्च घेतले तर उपयोग होतो, नुसत्या सर्चवर नाही. आणि आपल्याकडे तर ज्या वाडीत रेंज नाही, ज्या आजीला स्मार्टफोन नाही, तिचा ताप सर्चमध्ये येणारच नाही.

प्रश्न: डेंग्यूचा अंदाज दोन महिने आधी देता येतो असं पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी सांगितलंय म्हणे. सोसायटीनं त्याचं काय करायचं? (सोसायटीचे सचिव, कोथरूड)

उत्तर: काका, बरोबर ऐकलंत. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा हा अभ्यास २०२५ च्या जानेवारीत आला, त्यात पुण्यातले डेंग्यूचे मृत्यू आणि हवामान यांची सांगड घालून एआय मॉडेल बनवलंय. सरासरी तापमान २७ अंशांच्या वर, पावसाळ्यातली आर्द्रता ६० ते ७८ टक्के, आणि पाऊस थोडा थोडा पण सारखा, असं जमलं की डेंग्यू वाढतो. उलट आठवड्यात १५० मिलिमीटरच्या वर धो धो पाऊस झाला तर अंडी-अळ्या वाहून जातात आणि डेंग्यू कमी होतो. आपण ‘यंदा पाऊस जास्त म्हणजे डास जास्त’ असं म्हणतो ते त्यामुळे अर्धंच खरं आहे, रिमझिम जास्त धोक्याची.

असा अंदाज महापालिकेला फार कामाचा आहे, दोन महिन्यांत माणसं आणि औषधं लावून ठेवता येतात, प्लेटलेटची सोय बघता येते. तुमच्या सोसायटीला मात्र अंदाजाची वाट बघायची गरज नाही. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, रविवारी सकाळी टेरेसवर चक्कर, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, जनरेटरजवळचं टायर, लिफ्टचा खड्डा, सगळं उपडं करायचं नाहीतर कोरडं करायचं. वॉचमनच्या खोलीमागचा पिंप सगळ्यात आधी बघा, तो सगळे विसरतात.

प्रश्न: आमच्या वस्तीत कॅम्प झाला, हातात धरायच्या मशीननं वडिलांचा एक्सरे काढला आणि कॉम्प्युटरनं दोन मिनिटांत टीबीचा संशय सांगितला. ते विडी कारखान्यात होते. लगेच औषध सुरू करायचं का? घरात सगळे घाबरलेत. (सोलापूर)

उत्तर: घाबरू नका, आणि वेळ पण घालवू नका. एआयनं सांगितलाय तो संशय आहे, निदान नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्यांच्या छातीच्या एक्सरेत टीबीचा संशय ओळखायला अशी सॉफ्टवेअर वापरायला हरकत नाही असं सांगितलं, त्यातलं एक मुंबईच्या कंपनीचं आहे. २०२४ च्या डिसेंबरपासून शंभर दिवसांच्या टीबी मोहिमेत अशी हातातली मशीनं बऱ्याच जिल्ह्यांत फिरली, आणि मला त्याचा आनंदच आहे, कारण जगातल्या टीबीच्या दर चार पेशंटपैकी साधारण एक भारतात आहे आणि एक्सरे वाचणारा रेडिओलॉजिस्ट तालुक्याला मिळत नाही.

मशीन एक्सरेला एक स्कोअर देतं आणि ठरवलेल्या रेषेच्या वर गेला की ‘संशय’ म्हणतं. रेषा मुद्दाम जरा खाली ठेवतात, म्हणजे खरा पेशंट सुटू नये, त्यामुळे काही टीबी नसलेले पण अडकतात. जुना बरा झालेला टीबी, विडी-सिगरेटनं खराब झालेलं फुप्फुस, दगडखाणीतली धूळ, हे सगळं पांढरं दिसतं आणि मशीन चकतं. म्हणून आता थुंकी तपासा, सकाळची, खोलातून काढलेली, नुसती लाळ नको. ट्रूनॅट नाहीतर सीबीनॅट तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते (ट्रूनॅटचं मशीन आपल्या गोव्यातली कंपनी बनवते, मला त्याचा अभिमान वाटतो). त्यात टीबी निघाला तर उपचार फुकट आहेत आणि निक्षय पोषण योजनेत २०२४ च्या नोव्हेंबरपासून महिन्याला १००० रुपये मिळतात, बँकेचं पासबुक बरोबर न्या. आणि एक लक्षात ठेवा, एक्सरे स्वच्छ आला तरी मानेला गाठ, वजन कमी होणं, रोज संध्याकाळी बारीक ताप असं असेल तर डॉक्टरांना दाखवायचंच, गाठीतला टीबी छातीच्या एक्सरेत दिसत नाही.

प्रश्न: आमच्याकडे माकड मेलेलं दिसलं की कळवा म्हणतात. एवढ्या जंगलात एआय काय करणार? (काजू बागायतदार, दोडामार्ग)

उत्तर: दादा, गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापात मेलेलं माकड हाच पहिला अलर्ट आहे. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात हा रोग सापडला तो सुद्धा माकडं पटापट मरायला लागली तेव्हा, पुढे तो गोव्यात सत्तरीत २०१५ ला आणि तुमच्याकडे २०१६ ला दिसला. जंगलाची कडा कुठे तुटली, बागा कुठे आत गेल्या, गुरं किती, यावरून कॉम्प्युटरनं धोक्याचे नकाशे करायचं काम शिमोग्याच्या भागात झालंय आणि तसं आपल्याकडे पण व्हायला हवं. पण नकाशा सांगेल की हा पट्टा धोक्याचा, या आठवड्यात कुठल्या बागेत जायचं नाही हे तुमच्या फोनवरूनच ठरणार. माकडाला हात लावू नका, जागा लक्षात ठेवा, आरोग्य केंद्र नाहीतर वनखात्याला कळवा, काजूच्या हंगामात पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड बघा.

प्रश्न: माझ्या बहिणीला टीबी झाला तेव्हा तिचं नाव गावभर झालं, लग्न मोडलं. आता सगळं कॉम्प्युटरवर जाणार म्हणजे अजून किती जणांना कळणार? (नाव-गाव छापू नका)

उत्तर: तुमच्या बहिणीच्या बाबतीत जे झालं त्याचं मला मनापासून वाईट वाटलं. करोनात पण पेशंटच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्या होत्या, त्या याद्या एआयनं फोडल्या नव्हत्या, माणसांनीच पुढे ढकलल्या होत्या. साथ ओळखायला वरच्या पातळीवर नाव लागतच नाही, वय, भाग, लक्षण, तारीख एवढं पुरतं. नाव फक्त उपचार करणाऱ्या टीमकडे असावं, ती यादी कोणी कधी उघडली याची नोंद राहावी. आणि नकाशावर ठिपका टाकताना पण जपायला हवं, पाच घरांच्या वाडीवर एक ठिपका म्हणजे नाव छापल्यासारखंच आहे, तिथं ठिपका गावाच्या नाहीतर तालुक्याच्या नावानं दाखवावा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात साथीच्या वेळी उपचारासाठी संमती न घेता माहिती वापरायची मुभा आहे, पण मुभा उपचारासाठी आहे, गावात वाचून दाखवायला नाही. दवाखान्यातून कोणी नाव फोडलं असेल तर लेखी तक्रार करा, बहिणीची हिंमत नसेल तर तुम्ही करा, मी मसुदा लिहून द्यायला तयार आहे, संपादकांकडे माझा पत्ता आहे.

प्रश्न: ताप आला की मी लक्षणं एआय चॅटबॉटलाच विचारते आणि गोळी घेते. ते आपोआप आरोग्य खात्याला कळत असेल ना? (कॉलेज विद्यार्थिनी, औंध)

उत्तर: नाही गं, नाही कळत. चॅटबॉटशी बोललेलं आयएचआयपीवर जात नाही, तुझा ताप कुठेच मोजला जात नाही, आणि तुझ्या होस्टेलमध्ये अजून सहा जणींना ताप असेल तर तो पण नाही. चॅटबॉटला माहिती विचारायला माझी हरकत नाही, पण दोन दिवसांत ताप उतरला नाही, किंवा पुरळ, रक्तस्राव, पोटात खूप दुखणं, गुंगी असं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. पावसाळ्यात ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नकोस, डेंग्यू असला तर रक्तस्राव वाढतो, पॅरासिटामॉलच घे. डॉक्टर घाईत असले तरी दोन गोष्टी स्वतःहून सांगायच्या: गेल्या पंधरा दिवसांत कुठल्या गावाला जाऊन आलीस, आणि आजूबाजूला अजून कोणाला असाच ताप आहे का.